रिकाम्या टाकीतली मंडळी

माझ्या घरात माशांची एक टाकी आहे. साठ लिटरची, चांगली जाड काचेची. तळाशी वाळू, नदीतले गोटे, कोपऱ्यात हवेच्या पंपाला जोडलेला काळा स्पंज, वर दिवा. पाणी इतकं नितळ की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता येतं. फक्त मासे नाहीत. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी वाकून बघतो, मग गोट्यांच्या मागे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. सिलिंडर घेऊन येणारे गृहस्थ दर वेळी विचारतात, "मीनु एल्ली, मॅडम?" मासे कुठायत. मी म्हणते, "बरतावे." येतील. हे प्रकरण काही साधं नाही, हे एव्हाना त्यांनाही कळून चुकलंय.

टाकी मी आईसाठी आणली. खरं सांगायचं तर आईला अडकवण्यासाठी आणली.

बाबा गेले ते थंडीत. सांगलीला जाऊन सगळं उरकलं, दिवसवार झाले, येणारी-जाणारी माणसं पांगली आणि मी आईची बॅग भरून तिला म्हैसूरला घेऊन आले. ती निघाली तेव्हाच अट घालून निघाली. "दसऱ्यापर्यंत राहते. दसरा झाला की मी माझ्या घरी." मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, बघू. मी तिची एकुलती. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याचं इथे काही काम नाही. नोकरीसाठी इथे आले तेव्हा बोगादी म्हणजे गावाबाहेरचा माळ होता, आता चारी बाजूंनी घरंच घरं झालीत आणि त्यातल्याच एका इमारतीत माझा दोन खोल्यांचा संसार आहे. इतकी वर्षं कुलूप काढून घरात शिरायची सवय. आई आली आणि पहिल्यांदा बेल वाजवून शिरायला मिळालं. संध्याकाळी स्कूटर लावताना वर खिडकीत दिवा दिसायचा. त्या दिव्याची मला फार लवकर चटक लागली आणि मग मी हट्टाला पेटले. आई कायमची राहायला हवी होती मला. बाकी काही नको होतं.

पण आई म्हणजे सांगलीतली आई. तिथे आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी बाळ झालं की पहिली हाक आईला. बाळाला तेल लावून, मांडीवर घेऊन, पाय ताणून न्हाऊ घालायचं आणि वर धुरी द्यायची, हे तिचं काम. काम म्हणजे पगाराचं नव्हे, मानाचं. दोन पिढ्या तिच्या पायांवर न्हाल्या. आणि तोंड तर सकाळी उघडलं की रात्री झोपतानाच मिटायचं. अशा बाईला मी बोगादीतल्या तिसऱ्या मजल्यावर आणून बसवलं, जिथे खाली भाजीवालीशी बोलायचं तर बोटं दाखवावी लागतात.

नाही म्हणायला, तळमजल्यावर एक मराठी बाई निघाल्या. चार-पाच पिढ्यांपासून म्हैसूरकर, घरात विठ्ठलाची मूर्ती, धंदा शिवणकामाचा. मी आईला उत्साहानं त्यांच्याकडे घेऊन गेले. बाई दारातच म्हणाल्या, "अय्यो, सुम्मने बाहेर का उभ्या? आत या की हो. ऊट झालं का? बसा, स्वल्प कॉफी करते." त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड; ऊट म्हणजे जेवण, स्वल्प म्हणजे थोडी. आई हसत हसत बसली, हसत हसत उठली आणि जिन्यात मला म्हणाली, "बाई सोन्यासारखी आहे गं. पण प्रत्येक घासाला खडा लागतो." तरी ती दुपारी तिथे जाऊन बसायची. शिवणाच्या बाईंना मात्र मान वर करायला फुरसत नसायची. मशिनचा खडखडाट सुरू असायचा, आई ब्लाउजांना हुकं लावून द्यायची आणि परत वर यायची.

एका रविवारी मी तिला बैलकुप्प्याला नेलं. तिबेटी लोकांची वस्ती, सोनेरी मूर्तींचा तो मठ, सगळं बघून झालं. बाहेर कट्ट्यावर एक तिबेटी म्हातारी जपमाळ ओढत बसली होती. आई तिच्याशेजारी जाऊन बसली, पिशवीतून स्वतःची तुळशीची माळ काढली आणि दोघी एकमेकींच्या माळा हातात घेऊन मणी चाचपत बसल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, बघा, भाषा लागतेच कुठे. परतताना गाडीत मी तसं म्हटलंही. आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तीपण गाव सोडून आलेली. पण तिचं अख्खं गाव आलंय की तिच्याबरोबर." मी ते ऐकलं आणि कानाआड केलं. मला सोयीचं नव्हतं ते.

त्याच प्रवासात तिनं कृष्णेच्या घाटावरच्या माशांचा विषय काढला. गुरुवारी देवळातून येताना ती कणकेच्या गोळ्या टाकायची. मासे पायरीपर्यंत यायचे. "त्यांना कोण टाकत असेल गं आता?" एवढंच म्हणाली. आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. मासे! माशांना कन्नड लागत नाही. रोज खायला घालावं लागतं, पाणी बदलावं लागतं, एक दिवस कुठे जायचं म्हटलं तरी जीव अडकतो. बाळं इथे मला आणता येत नव्हती, मासे येत होते. पुढच्याच शनिवारी टाकी घरात आली.

आईनं टाकी बघितली आणि लगेच कणिक मळायला घेतली. मी म्हटलं, "थांब. मासे इतक्यात नाही."

"म्हणजे?"

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. खाद्यपदार्थांची तपासणी, दिवसभर नळ्या आणि आकडे. त्यामुळे कुठलीही गोष्ट रीतसर करायची हा माझा रोग आहे. मी तिला समजावलं. नव्या टाकीत मासे टाकले की ते तिथेच खाणार, तिथेच घाण करणार. त्या घाणीतून अमोनिया होतो. अमोनिया म्हणजे माशांना विष, कल्ले जळतात. पण एका जातीचे बॅक्टेरिया असतात, ते हा अमोनिया खातात. त्यांच्या खाण्यातून नायट्राइट तयार होतं, तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे येतात, ते नायट्राइट खातात. त्यातून जे उरतं ते माशांना फारसं बाधत नाही. ही दोन्ही जातींची वस्ती टाकीत आधी वसवायची, स्पंजात, वाळूत, गोट्यांवर. त्यासाठी माशांशिवायच पाण्यात थोडा थोडा अमोनिया घालत राहायचं. कमी पडला तर ते उपाशी मरतात आणि जास्त झाला तर त्यांची वाढच खुंटते. आठवडेच्या आठवडे लागतात.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग कणकेवर झाकण ठेवत म्हणाली, "म्हणजे आधी सैपाकीण आणि मोरीवाली ठरवायची, मग पाहुणे बोलवायचे." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

अमोनिया आणायचा कुठून? मी म्हटलं, अमोनियम क्लोराइड मागवते. तिनं विचारलं ते काय असतं. मी म्हटलं, नवसागर. तिचा चेहरा उजळला. कल्हई करताना तापलेल्या पातेल्यात टाकतात तो नवसागर तिला लहानपणापासून ठाऊक. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना ती शिवणाच्या बाईंबरोबर देवराज मार्केटात गेली आणि पूजेचं सामान, जडीबुटी विकणाऱ्या एका दुकानात तिनं स्वतः तोंड उघडून "नवसागर" म्हटलं. दुकानदारानं काही न विचारता पुडी बांधून दिली. कन्नडमध्येही नवसागरच म्हणतात. संध्याकाळी तिनं ती पुडी माझ्यापुढे अशी ठेवली की जणू दिल्ली जिंकून आली. म्हैसुरात बोटं न दाखवता आणलेली तिची ती पहिली वस्तू. बाजारच्या मालात काय काय मिसळलेलं असेल या भीतीनं मी तो विरघळवला, गाळला, परत स्फटिक पाडले, तेव्हा माझं समाधान झालं. आई बघत बसली होती. "तुझ्या हातचं जेवायचं म्हणजे माणूस भुकेनं मरायचा," म्हणाली.

मी नवसागराचं पाणी करून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं. एक टोपण घातलं की टाकीतल्या पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया व्हायचा, हवा तेवढा. तपासणी किट होतं. परीक्षानळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, दोन कुप्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं, थोडं थांबायचं आणि रंग तक्त्याशी लावून बघायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही. पिवळ्याचा हिरवा होत गेला की अमोनिया चढत गेला. हे सगळं दुपारी आईनं करायचं ठरलं, कारण दुपारी तिला वेळच वेळ होता. माझा डावच तो होता.

सुरुवातीलाच घोटाळा झाला. रंग चढतच गेला, पार गर्द हिरवा, चिंचेच्या झाडासारखा. मी वैतागले. किट जुनं असेल, पाणी बिघडलं असेल, सगळ्या शंका काढून झाल्या. शेवटी आईला विचारलं, टोपण किती घालतेस?

"तीन."

"तीन? मी एक सांगितलं होतं!"

"अगं, जेवायला बोलावलेल्यांना मोजून वाढतात होय? एक आपलं, एक आग्रहाचं आणि एक 'राहू दे, असू दे' म्हणेपर्यंत पडलेलं."

मी कपाळाला हात लावला. हसूही येईना आणि रागावताही येईना. निम्मं पाणी काढलं, बदललं, रंग खाली आणला. तिला बजावलं, या लोकांना आग्रह चालत नाही आई, जास्त वाढलं की ते जेवतच नाहीत. "बरं बाई," म्हणाली. "आग्रह न करता वाढायचं म्हणजे खानावळच की." पण त्यानंतर तिची चूक कधी झाली नाही. टोपण डोळ्यांसमोर धरून, रेघेला लावून ती घालायची.

आणि मग तिला त्याचा नाद लागला. ती बॅक्टेरियांना 'मंडळी' म्हणायला लागली. दुपारी मला कामावर फोन यायचा. "मंडळी आज अर्धपोटी आहेत, अजून कैरीचा रंग आहे." "आज लिंबाच्या सालीसारखा आलाय, उतरतोय गं!" एकदा तर मी बैठकीत असताना तिनं फोन करून आनंदानं सांगितलं की नायट्राइट तपासायची दुसरी नळीसुद्धा रंगली, निळ्याचा जांभळा झाला, वांग्यासारखा. नायट्राइट दिसायला लागलं होतं. म्हणजे पहिली मंडळी जमली, आता दुसऱ्या पंगतीची वाट बघायची. माझे सहकारी बघत राहिले. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो माशांसाठी नव्हता. आई इथे रुजतेय असं मला वाटलं.

पाण्याच्या बाबतीत तर ती माझ्याही वर कडक झाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि क्लोरीन मंडळींना मारतो, हे तिला मी एकदाच सांगितलं होतं. तिनं बाल्कनीत एक मोठा निळा टब आणून ठेवला. त्यात नळाचं पाणी भरायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत उघडं ठेवायचं, वास गेला की मगच टाकीत. टब कायम काठोकाठ भरलेला. एकदा स्पंजावर काही चिकटलेलं दिसलं म्हणून मी तो काढून बेसिनपाशी नेला, तर स्वयंपाकघरातून ओरडत आली, "अगं ए! नळाखाली धरू नकोस, मेले सगळे!" आणि माझ्या हातातून स्पंज काढून घेऊन टाकीतल्याच पाण्याच्या भांड्यात हलक्या हातानं बुचकळला, बाळाचं डोकं धुवावं तसा. मला स्वतःच्याच घरात बोलणी खावी लागली. किती बरं वाटलं होतं.

दसरा जवळ आला. रस्त्यांवर दिव्यांच्या माळा लागल्या, गावात परक्या गाड्यांची गर्दी झाली. आणि टाकीही त्याच सुमाराला तयार झाली. एक टोपण घातलं की दुसऱ्या दिवशी नळी पिवळी. नायट्राइटची नळी फिकी निळी. पुन्हा घातलं, पुन्हा तसंच. मी आईला म्हटलं, "झालं! दसऱ्याला मासे आणू. सोनं लुटायच्या दिवशी. तू निवड." ती टाकीकडे बघत म्हणाली, "झालं का एवढ्यात?" मला वाटलं, आनंदानं म्हणतेय. परत जाण्याचा विषय तिनं कितीतरी दिवसांत काढला नव्हता, मीही काढला नव्हता. मला वाटलं, जिंकले.

खंडेनवमीला इथे यंत्रांची पूजा असते. आमच्या कारखान्यात सगळी यंत्रं धुवून-पुसून हळदकुंकू लावतात, झेंडू घालतात. रस्त्यांवर गाड्यांना केळीचे खुंट बांधलेले, जागोजागी कुंकू माखलेले कोहळे फोडलेले, स्कूटर त्यावरून घसरू नये म्हणून मी जीव मुठीत धरून घरी आले. येताना पेढे आणले होते.

दार उघडलं आणि आधी मला पंपाचा आवाज आला नाही. टाकी रिकामी केलेली होती आणि पुन्हा काठोकाठ भरलेली होती. काच चकचकीत. पाणी नळाचं, ताजं, क्लोरीनचा वास खोलीभर. गोटे एकूण एक घासून बाल्कनीत उन्हात वाळत घातलेले. वाळू धुवून परातीत पसरलेली. आणि काळा स्पंज, पिळून पिळून स्वच्छ केलेला, पाटावर ठेवलेला. त्याला हळद, कुंकू आणि वर एक झेंडूचं फूल.

"आज यंत्रांची पूजा ना," आई म्हणाली. "खाली मशिनी धुतल्या-पुसल्या, म्हटलं आपलंही यंत्रच आहे."

मी कडाडले. पेढ्यांचा डबा हातातच होता, तो आपटला. म्हटलं, किती वेळा सांगितलं होतं, किती वेळा! एवढ्या आठवड्यांची मेहनत नळाखाली धरलीस! इतका अडाणीपणा करतं का कुणी? ती खाली मान घालून उभी राहिली. एरवी माझ्या एका वाक्याला तिची चार असायची. त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मी स्पंजावरचं कुंकू चोळून काढत होते आणि रडत होते, आणि ती दाराला टेकून माझ्याकडे बघत होती.

सगळं परत लावलं, पाणी बदललं, टोपण घातलं. दुसऱ्या दिवशी दसरा. नळी हिरवी. त्याच्या दुसऱ्या दिवशी हिरवी. मंडळी उठून गेली होती. आईनं जेवताना हळूच म्हटलं, "आता तू सावकाश कर परत. माझं तिकीट तेवढं काढ." दसरा झाला होता. ठरल्याप्रमाणेच तर होतं सगळं. मला नाही म्हणायला काही जागा उरली नव्हती.

ती निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी टाकीचं थोडं पाणी बदलायला घेतलं. बादली घेऊन बाल्कनीत गेले. निळा टब काठोकाठ भरलेला होता. वर वाऱ्यानं आलेला कचरा, कडेला शेवाळाची बारीक रेघ. मी त्यात हात घातला आणि तशीच थांबले. खंडेनवमीच्या आधीपासून भरलेलं होतं ते पाणी. मधल्या रडारडीत मी घाईघाईनं बादल्या भरून वापरल्या होत्या, टबाकडे बघितलंच नव्हतं. गोटे जिथे वाळत घातले होते त्याला लागूनच टब. क्लोरीन उडालेलं, तयार पाणी हाताशी असताना आईनं सगळं नळाखाली धुतलं होतं. माझ्या हातातून स्पंज हिसकावून घेणाऱ्या आईनं.

आत ती साड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "आई, टब भरलेला होता."

तिनं घडी पुरी केली. "हो."

"तुला ठाऊक होतं."

"होतं की."

"मग का गं?"

ती पलंगावर बसली. मला वाटलं, रडेल, पण रडली नाही. "मासे आले असते तर माझा पाय निघाला नसता," ती म्हणाली. "मला माहीत आहे ना माझं. एकदा का जीव घरात आला की मी त्याला टाकून जाणारी नाही. आणि तुला तोंडावर नाही म्हणायचं बळ माझ्यात नाही. तू इतकी राबलीस."

"माझ्याजवळ राहणं इतकं वाईट आहे?"

"वाईट कुठाय? पोटची पोर तू." तिनं माझा हात धरला. "पण इथे मी दिवसभर तुझी वाट बघते बाळा. तिथे माझी कुणीतरी वाट बघतं."

नाही आवडत म्हणाली असती तर मी घर बदललं असतं, गाव बदललं असतं. याच्यावर मी काय करणार होते?

तीच पुढे म्हणाली, "तू अडाणी म्हणालीस तेव्हा वाईट वाटलं, पण म्हटलं, बरं झालं. अडाणी म्हणून सुटले." मग टाकीकडे बघून डोळ्याला पदर लावला. "मंडळींचं मात्र पाप लागलं मला. किती दिवस जेवू घातलं होतं."

तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी खूप रडले. तिनं केसांवरून हात फिरवला, राहते मात्र म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं. मिरजेला गल्लीतली माणसं उतरवून घ्यायला येणार होती, आणि गाडी सुटायच्या आधीच तिला त्यांचा फोन आला, कुठपर्यंत आलात म्हणून. ती खिडकीतून हसत त्यांना सांगत होती, "अजून हललेही नाही गं!" तसं ती म्हैसुरात कधी हसली नव्हती. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून ते बघितलं. माझं काळीज तुटलं, आणि ती सुखानं जातेय हेही मला दिसत होतं. दोन्ही एकदमच.

टाकी मी परत पहिल्यापासून केली. टब, टोपण, नळ्या. हिरवी, मग कैरी, मग लिंबू, मग वांगी. आता तिला तयार होऊन कितीतरी महिने झाले. मासे आणायला कुठल्याही रविवारी जाता येईल. जात नाही. मासे आले की ती टाकी माझी होईल. आत्ता ती आईची आहे. टाकी रिकामी आहे तोवर आई अजून यायची आहे, असं मला वाटतं. हे खुळेपण मला कळतं, आणि तरी मी एक दिवसही चुकवत नाही. मासे नसले तरी मंडळींना रोज खायला लागतं, नाहीतर ती मरतात. म्हणून कामावरून आले की दिवा लावते आणि एक टोपण नवसागर घालते. घरात दुसरं वाढण्यासारखं कुणी नाही.

आई फोनवर विचारते, "मंडळी काय म्हणतायत?" मी सांगते, अजून हिरवंच येतंय गं, या वेळी वेळ लागतोय. ती "हं" म्हणते आणि गल्लीतल्या बातम्या सांगायला लागते.

गेल्या रविवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा नळ्या माझ्या हातातच होत्या. मागे बाळ रडत होतं, बायकांचे आवाज होते, पितळी घंगाळ्याचा आवाज होता. तिनं विचारलं, "काल घातलं होतंस टोपण?"

"घातलं होतं."

"आणि आज कसा आहे रंग?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. पण तिच्याइतका तो रंग कुणाला कळतो? "पिवळा," मी म्हटलं.

"आणि दुसऱ्या नळीचा?"

"निळा."

पलीकडे बाळ जोरात रडायला लागलं. कुणीतरी तिला नावानं हाक मारली. माझ्या घरात तिला त्या नावानं कुणी एकदाही हाक मारली नव्हती.

"आले, आले," ती तिकडे म्हणाली. मग मला, अगदी हळू, "मासे आण गं बाळा. मी नाही यायची आता." आणि लगेच, "ठेवते हं, बाळाचं पाणी निवतंय."

'ये ना गं' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाटली काढली, टोपण डोळ्यांसमोर धरून रेघेपर्यंत भरलं आणि मंडळींना वाढलं. आग्रह केला नाही.